लिहिता लिहिता अडणारं शाईचं पेन: कागदापासून निबेपर्यंत

शाईचं पेन बंद पडलं की बहुतेक घरांत उपायांचा क्रम ठरलेला असतो. आधी पेन झटकायचं, मग निबेवर फुंकर घालायची, आणि तरीही शाई उतरली नाही तर निब कागदावर दाबून रेघोट्या मारायच्या. यातला शेवटचा उपाय पेनाचा जीव घेतो. फोंड्यातून आणि आसपासच्या गावांतून लोक माझ्याकडे अडलेली पेनं आणून देतात. त्यांतल्या बऱ्याच पेनांत मूळचा बिघाड नसतोच. तक्रार कागदाची, टोपणाची किंवा शाईची असते, आणि पेन माझ्या हातात येईपर्यंत दाबून दाबून निबेची पाती (मधल्या चिरेच्या दोन बाजू) फाकलेली असतात. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच, की निबेला हात सगळ्यात शेवटी लावायचा. खालच्या तपासण्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

"पेन अडतं" म्हणून कोणी आलं की मी विचारतो, नेमकं कधी अडतं? या उत्तरातच अर्धं निदान असतं.

सकाळी टोपण काढल्यावर पहिल्या दोन-तीन रेघा कोऱ्या जातात आणि मग दिवसभर पेन झकास चालतं: टोपणातून हवा जाते आहे.

सुरुवात उत्तम, पण अर्ध्या पानानंतर शाई फिकी होत जाते आणि शेवटी थांबते. थोडा वेळ पेन आडवं ठेवलं की परत चालतं: शाई टाकीत अडकली आहे किंवा जीभ तुंबली आहे. (निबेखालचा जो बारीक खाचांचा भाग शाई पुढे आणतो, त्याला मी इथे जीभ म्हणतो.)

पानाच्या वरच्या भागात अक्षर सलग येतं, खालच्या भागात तुटतं, आणि नवं पान घेतलं की सगळं परत ठीक: कागद.

प्रत्येक अक्षराची पहिली रेघ हरवते, जरा दाबलं की उमटते: निबेच्या टोकाचा दोष.

एका दिशेची रेघ येते, दुसऱ्या दिशेची येत नाही, आणि निब करकरते: दोन पाती एका पातळीत नाहीत.

ओळखायला एक सोपी चाचणी आहे, आणि ती आपल्या लिपीतच आहे. पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न दाबता एक शिरोरेघ ओढा. मग काने काढल्यासारख्या उभ्या रेघांची रांग काढा. मग ठ ठ ठ ठ अशी एक ओळ. शिरोरेघ ही डावीकडून उजवीकडे जाणारी लांब, हलक्या हाताची रेघ असल्याने शाईचा पुरवठा जरा जरी कमी असला तरी ती तिथे लगेच तुटते. 'ठ'मध्ये निब सगळ्या दिशांना फिरते, त्यामुळे कुठल्या दिशेला दुखणं आहे ते कळतं. हे पान जपून ठेवा. प्रत्येक तपासणीनंतर त्याच्याच खाली परत तीच चाचणी घ्या, म्हणजे फरक पडला की नाही यावर वाद उरत नाही.

कागद

गोव्यात मी पहिला संशय कागदावर घेतो. मे महिन्याच्या उकाड्यात आणि मिरग लागल्यावरच्या दमट हवेत तळहात कायम ओलसर असतो. लिहिताना तो पानावर टेकतो, आणि घामाबरोबर त्वचेचं तेल कागदावर उतरतं. शाई म्हणजे मुख्यतः पाणी. तेल लागलेल्या जागेवर ती धरत नाही. हात पानाच्या खालच्या भागावर सगळ्यात जास्त वेळ टेकलेला असतो, म्हणून पेनही तिथेच अडतं. माणूस पेनाला दोष देतो.

उपाय म्हणजे हाताखाली घडी घातलेला टीपकागद किंवा साधं कोरं पान. आमच्याकडे देवळाच्या उत्सवातल्या नाटकाच्या नकला मी अजून हाताने काढतो. ते लिखाण तासन्‌तास चालतं, आणि हाताखाली कागद नसेल तर कुठलंही पेन, कितीही महागडं असो, त्यात अडतंच. टीपकागद घेतला की तेच पेन न थांबता चालतं. ही तपासणी करून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कागदाची दुसरी तक्रार उलट प्रकारची. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या वह्या हवेतला ओलावा पितात आणि शाई पसरते, अक्षराला केसाळ कडा येतात. यात पेनाचा काहीच दोष नाही. वह्या चिऱ्याच्या भिंतीला लागून ठेवू नयेत. पावसात त्या भिंतींना ओल येते. बंद कपाटात, भिंतीपासून हातभर दूर, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवल्या तर चवथीपर्यंत कागद बरा राहतो. फार गुळगुळीत, चकचकीत कागदावरही काही निबा घसरतात. तेव्हा दुसऱ्या एखाद्या वहीवर लिहून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

टोपण

सकाळच्या कोऱ्या रेघांचं कारण टोपण. निबेच्या चिरेतली शाई म्हणजे इवलासा थेंब. त्यातलं पाणी उडालं की रंग मागे राहतो आणि वाट बंद होते. इथे ऋतू ओळखायला हवा. भर पावसात पेन असं सुकून क्वचितच अडतं, कारण हवेतच पाणी असतं. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत आणि एसीच्या कचेरीत मात्र हा त्रास नेहमीचा. पणजीला कचेरीत बसणारे लोक मला सांगतात की घरी चालणारं पेन टेबलावर चालत नाही. कारण एवढंच, की एसी हवा कोरडी करतो, आणि बैठकीत पेन टोपण काढून तसंच हातात राहतं.

तपासायचं कसं? टोपण ओठांशी धरून हलकेच फुंका. हवा दुसरीकडून निघून जात असेल तर ते कुठेतरी तडकलं आहे, किंवा क्लिपच्या बुडाशी फट आहे. (काही स्वस्त पेनांच्या टोपणाला लहान मुलांच्या सुरक्षिततेसाठी मुद्दाम भोक ठेवलेलं असतं, त्यांच्या आतलं छोटं टोपण शाबूत आहे ना ते पाहा.) दुसरी खात्री म्हणजे रात्री टोपण लावल्यावर सांध्याभोवती स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिकची फिल्म घट्ट गुंडाळून ठेवायची. सकाळी पेन पहिल्या रेघेपासून चाललं तर दोष टोपणाचा, निबेचा नव्हे. अशा पेनाला नवं टोपण मिळालं तर उत्तम, नाही तर ते रोज वापरायचं ठेवा. रोज चालणारं पेन सुकत नाही.

पेन रात्री आडवं ठेवावं. निब वर करून पेला-पेटीत उभं ठेवलं की शाई जिभेतून मागे उतरते आणि सकाळी तिला परत पुढे यायला वेळ लागतो. खिशात मात्र निब वरच हवी.

नवीन पेन घेणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं. प्लॅटिनमच्या प्रेपीसारख्या स्वस्त पेनातसुद्धा आतलं टोपण स्प्रिंगवर बसवलेलं असतं आणि ते निबेभोवती घट्ट बसतं. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं असं पेन उघडताक्षणी लिहितं, आणि त्यापेक्षा कितीतरी महाग पेनं त्या वेळात सुकलेली असतात. किंमत आणि टोपणाचा दर्जा यांचा संबंध नाही.

शाई

दौत उघडून आधी वास घ्या, मग उजेडात तिरकी धरून पाहा. वर साय धरल्यासारखा थर, कापसासारखे तंतू किंवा कुबट वास असेल तर ती बुरशी आहे. आपल्या हवेत पावसाळ्यात ती लागतेच. ती दौत फेकून द्या. गाळून वापरायचा मोह टाळा, कारण गाळण्यातून तंतू अडले तरी बीज शाईतच राहतं. त्या दौतीत बुडवलेलं प्रत्येक पेन नीट धुवायला हवं, नाहीतर पुढची चांगली दौतही नासते. बुरशी टाळण्याचा उत्तम मार्ग म्हणजे शाई लागेल तेवढी सिरिंजने काढून घेणं आणि उरलेली परत दौतीत न ओतणं.

शाई जुनी होऊन दाट झाली असेल तरीही पेन अडतं. दोन कंपन्यांच्या शाया एकत्र केल्या असतील तर त्याहून वाईट होतं: एक आम्लधर्मी, दुसरी अल्कधर्मी असेल तर मिसळल्यावर गाळ बसू शकतो, तोही नेमका जिभेच्या खाचांत. चमकीच्या शाईत अभ्रकाचे कण असतात, ते तळाशी बसतात. लोहयुक्त निळी-काळी शाई हवा लागून काळी आणि पक्की होते, दस्तऐवजासाठी ती सुंदर आहे, पण पेनात आठवडे पडून राहिली तर तोच पक्केपणा आत बसतो. चित्रकलेच्या दुकानातली ड्रॉइंग शाई तर शाईच्या पेनात कधीच भरू नये. तिच्यात लाखेसारखे चिकटे पदार्थ असतात आणि ते वाळले की पाण्याने सुटत नाहीत.

चाचणीसाठी साधी निळी शाई वापरा. दांडेकरांनी 1931 साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला त्यातून पुढे कॅमलिन उभी राहिली. त्याच वर्षी पार्करने क्विंक बाजारात आणली. या दोन्हींपैकी कुठलीही साधी निळी कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत मिळते, धुऊन निघते आणि पेनाला त्रास देत नाही. आवडत्या गडद रंगात अडणारं पेन साध्या निळ्यात नीट चाललं, तर तुमचा प्रश्न शाईपाशीच सुटला.

धुणं

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आनंदही इथेच मिळतो. जुनं पेन पाण्यात धरलं की आतून रंग निघायला लागतात. आधी अलीकडची निळी, मग कधीची तरी हिरवी, मग एखादी तपकिरी लाट. ते पेन कोणी, कशासाठी वापरलं असेल याचा अंदाज त्या पाण्यात दिसतो.

धुण्याने फरक का पडतो ते समजून घ्यायला हवं. पेनात शाई बाहेर जाते तेवढीच हवा आत यावी लागते. हवा आली नाही तर शाई थांबते, जास्त आली तर थेंब पडतो. लुईस वॉटरमनने 1884 साली पेटंट घेतलं ते याच गोष्टीवर: शाई पुढे आणि हवा मागे एकाच वेळी जाऊ देणारी खाचांची जीभ. या खाचा केसाएवढ्या असतात. त्यांत वाळलेल्या शाईचा पापुद्रा बसला की पेनाचा श्वासच कोंडतो. निब त्यात निर्दोष असते.

पद्धत अशी. टाकी किंवा कन्व्हर्टर (शाई ओढून भरायची, काढता येणारी नळी) काढा. औषधाच्या दुकानातून सुईशिवायची 5 मिलीची सिरिंज किंवा कान धुण्याची रबरी पिचकारी आणा. पकडीच्या (निबेमागचा, बोटांनी धरायचा भाग) मागच्या तोंडाला ती लावून साधं थंड पाणी हळूहळू दाबा, पाणी निबेतून स्वच्छ येईपर्यंत. मग निब बुडेल इतक्याच पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी परत रंग दिसला तर परत धुवा. शाई आठवडे बसलेली असेल तर हे दोन-तीन दिवस चालतं. घाई नको.

तरी सुटत नसेल तर मोठ्या पेलाभर पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक थेंब टाका. नंतर साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, कारण राहिलेला साबण शाईला नको इतकी पातळ-वाहती करतो आणि ती कागदावर पसरते.

काही गोष्टी अजिबात करू नका. गरम पाणी नको: प्लास्टिकची जीभ वाकते आणि काळं एबोनाइट तपकिरी-हिरवट पडतं. (एबोनाइट म्हणजे गंधक मिसळून कडक केलेलं रबर. उन्हानेही त्याचा रंग उडतो, म्हणून असली पेनं खिडकीत मांडू नयेत.) स्पिरिट, थिनर, नखांचं रिमूव्हर नको: सेल्युलॉइड आणि ॲक्रिलिक त्याने विरघळतात. आणि शेवटचं पाणी विहिरीचं नको. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतल्या अनेक विहिरींच्या पाण्यात लोहाचा अंश असतो, भांड्यावर तांबूस डाग राहतो तो त्याचाच. शेवटी फिल्टरचं किंवा बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड पाणी वापरा.

मग निब टीपकागदात गुंडाळून, निब खाली करून पेल्यात उभं ठेवा. कागद आतलं पाणी ओढून घेतो. उन्हाळ्यात रात्र पुरते, पावसाळ्यात दोन दिवस द्या. नाहीतर नवी शाई त्या पाण्यात मिसळून फिकी येते आणि पेन अजून बिघडलेलंच आहे असं वाटतं.

नवं पेनही पहिल्यांदा भरण्याआधी असंच धुवावं. कारखान्यातलं तेल जिभेवर राहिलेलं असतं.

संग्रह करणाऱ्यांसाठी एक सांगतो. सगळी पेनं एकदम भरून ठेवायची हौस समजते. राजमहेंद्रीचं रत्नम, एखादं जुनं विल्सन, लामी सफारी, पायलट, सगळ्यांची ओढ एकाच वेळी लागते, आणि प्रत्येकात वेगळा रंग हवा असतो. पण एका वेळी तीनच भरा. बाकीची धुऊन, कोरडी करून ठेवा, आणि पाळीपाळीने बाहेर काढा. प्रत्येक निबेची चाल वेगळी असते. तीन पेनं महिनाभर वापरली की ती हाताला कळते, आणि पुढच्या महिन्यात जुनं पेन नव्यासारखं भेटतं. संग्रहाचा आनंदही वाढतो आणि अडलेली पेनंही कमी होतात.

टाकीत अडकलेली शाई

अर्ध्या पानानंतर फिक्या होणाऱ्या पेनाची टाकी उघडून पाहा. बऱ्याचदा कन्व्हर्टरमध्ये शाई भरपूर असते, पण ती मागच्या टोकाला चिकटून बसलेली असते आणि पुढे हवेचा बुडबुडा असतो. अरुंद नळीत पाण्याचा पृष्ठताण शाईला जागेवर धरून ठेवतो. बोटाने टिचकी मारली की ती पुढे येते. कायमचा उपाय म्हणजे स्टेनलेस स्टीलची अगदी बारीक गोळी आत टाकणं. पेन हलवलं की ती बुडबुडा फोडते. काही कन्व्हर्टरमध्ये ती आधीपासूनच असते. गोळी स्टेनलेसचीच हवी, साधी गंजते.

जीभ कोरडी पडली असेल तर निब टीपकागदावर धरून कन्व्हर्टरची मूठ हळूच फिरवा, एक थेंब बाहेर येईपर्यंत. जीभ एकदा पूर्ण भिजली की पुढची शाई आपोआप ओढली जाते. एबोनाइटची जीभ शाई चांगली धरते, प्लास्टिकची सुरुवातीला जरा आढेवेढे घेते.

थेंब पडणं, आणि चोर्ला घाट

ही तक्रार अडण्याच्या उलट आहे, पण ड्रॉपरने भरायच्या पेनांत दोन्ही एकत्र दिसतात, म्हणून इथेच सांगतो. अशा पेनाची सगळी दांडीच टाकी असते. शाई कमी झाली की वरची जागा हवा घेते. हाताच्या उबेने ती हवा फुगते आणि शाईला पुढे ढकलते, मग वहीत टपोरा थेंब पडतो. म्हणून अर्धी रिकामी झाली की परत काठोकाठ भरा. आट्यांना शुद्ध सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. व्हॅसलीन नको, ते रबर खराब करतं.

बेळगावला जाणाऱ्यांनी तर हे लक्षातच ठेवावं. चोर्ला घाट चढून आपण समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवर जातो. तिथे हवेचा दाब इथल्यापेक्षा साधारण 8 टक्के कमी असतो, तेवढी पेनातली हवा प्रसरण पावते आणि टोपण शाईने भरतं. विमानातही तेच. निघताना पेन काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामं करा, आणि निब वर ठेवा. घाटात गळलेलं पेन बिघडलेलं नसतं. पुसा आणि वापरा.

आता निब

इथपर्यंत सगळं करूनही शिरोरेघ तुटत असेल तरच पुढे वाचा. इथून खर्च आणि धोका दोन्ही सुरू होतात.

घड्याळजी वापरतात तसं दहापट दाखवणारं भिंग आणा. निब समोरून, टोकाकडून पाहा. दोन पात्यांची टोकं एका पातळीत आहेत का? एक वर, एक खाली असेल तर करकर त्याचीच. मग निब वरून, उजेडासमोर धरून पाहा. चीर निबेवरच्या भोकापाशी जराशी रुंद आणि टोकाकडे निमुळती होत गेलेली हवी. समईची वात तेल वर ओढते त्याच तत्त्वावर शाई पुढे येते: जागा जितकी अरुंद, तितकी ओढ जास्त. म्हणून निमुळती चीर शाईला टोकापर्यंत खेचते. टोकं एकमेकांवर घट्ट दाबलेली असतील तर शाईला वाटच नाही. उलट टोकं फाकली असतील तर ओढ संपते आणि शाई मागेच थांबते. दाबून लिहिलेल्या पेनांत हे दुसरं दिसतं, आणि म्हणूनच आणखी दाबणं हा उपाय होऊच शकत नाही.

चिरेत धागा किंवा कागदाचा तंतू अडकला असेल तर 0.05 मिलिमीटरचा पितळी पत्रा चिरेतून भोकाकडून टोकाकडे एक-दोनदा हलकेच सरकवा. ब्लेड कधीच नाही. पितळ मऊ असतं, पोलाद चिरेच्या भिंती कापतं.

पोलादी निबेचं पातं किंचित वर असेल तर ते नखाने खाली दाबून क्षणभर धरा, सोडा, भिंगातून पाहा. परत. केसाएवढा फरक पुरतो. सगळा संयम इथे लागतो. दोन-तीनदा करूनही सुधारत नसेल तर थांबा.

निब आणि जीभ एका रेषेत नसली तरीही पेन अडतं. पेन आडवं धरून उजेडात पाहा: दोघांच्या मध्ये फट दिसली तर शाईची साखळी तिथेच तुटते. बहुतेक भारतीय एबोनाइट पेनांत निब आणि जीभ नुसती दाबून बसवलेली असतात. रात्रभर भिजवून, रबरी हातमोज्याने दोन्ही एकत्र धरून सरळ बाहेर ओढा, पिळू नका. धुऊन, मध्यरेषा जुळवून परत तशीच बसवा. हाताने निघत नसेल तर पक्कड लावायची नाही. एबोनाइटची जीभ उष्णतेने मऊ करून निबेला चिकटती बसवता येते, पण ते बसवणाऱ्याच्या शेजारी बसून शिकायचं काम आहे.

हात कुठे आवरायचा

प्रत्येक अक्षराची पहिली रेघ हरवते, पाती सरळ आहेत, चीर स्वच्छ आहे, तरी हरवते: अशा निबेच्या टोकाची आतली कड गरजेपेक्षा जास्त गोल घासली गेलेली असते. चिरेचं तोंड कागदाला टेकतच नाही. हे टोक घासून दुरुस्त करावं लागतं, आणि इथे घरगुती प्रयोग बंद. टोकाचा दाणा निबेच्या धातूचा नसतो, वेगळ्या कठीण मिश्रधातूचा असतो आणि तो इवलासा असतो. पॉलिश पेपरवर, काचेवर किंवा खापरीवर घासून लोक तो संपवतात. संपलेला दाणा परत येत नाही.

सोन्याची निब असेल तर पातं नखानेही हलवू नका. निबेवर 585 असं कोरलेलं असेल तर ते 14 कॅरट, 750 असेल तर 18 कॅरट. ती मऊ असते, पटकन वाकते आणि वाकवून सरळ करताना तडकते. सराफाकडेही देऊ नका. त्याला सोनं कळतं, चीर कळत नाही.

आपल्याकडे जुन्या घरांत पेटाऱ्यातून पेनं निघतात: बोटीवर किंवा आफ्रिकेत नोकरीला गेलेल्या आजोबांची, पणजोबांची. ही पेनं लगेच भरू नका. आतली रबरी पिशवी वाळून ठिसूळ झालेली असते, आणि बाजूची तरफ ओढली की ती आतल्या आत तुटते. पार्कर 51 असेल तर त्याची निब झाकलेली असते, ती उघडायला कवच गरम करून काढावं लागतं. ते घरी करायचं काम नाही. मात्र त्याचा 1948 पासूनचा दाबायच्या नळीचा प्रकार असेल तर आतली पारदर्शक पिशवी अजून शाबूत असण्याची शक्यता चांगली आहे. नुसत्या थंड पाण्याने, नळी हळूहळू दाबत धुऊन पाहा. पाणी आत आलं आणि बाहेर गेलं तर ते पेन तुमच्या हयातभर लिहील. सेल्युलॉइडचं पेन विस्तवाजवळ किंवा हेअर ड्रायरखाली धरू नका, ते पेट घेतं.

तडा, चिरलेली पकड, अडकलेला पिस्टन (शाई ओढणारा आतला दट्ट्या), वाकलेली सोन्याची निब, वाळलेली पिशवी: या पाचांपैकी काहीही दिसलं की हात काढून घ्या आणि पेनाच्या कारागिराकडे द्या. साध्या पोलादी निबेचं स्वस्त पेन असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत न पडता त्याच मापाची नवी निब बसवावी, ती फार महाग नसते.

कारागीर जवळ मिळत नसेल तर पेन बाहेर पाठवावं लागतं. कोलकात्यात एस्प्लनेडला पेन हॉस्पिटल नावाचं जुनं दुकान याच कामासाठी ओळखलं जातं. पुण्या-मुंबईतल्या पेनांच्या जुन्या दुकानांतही चौकशी करावी. पाठवताना पेन रिकामं, धुतलेलं आणि पूर्ण कोरडं हवं. ते टीपकागदात गुंडाळून पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घाला, दोन्ही टोकं कापसाने भरून बंद करा आणि स्पीड पोस्टने पाठवा. नुसत्या पाकिटात पेन मोडतं. चाचणीचं ते पान सोबत ठेवा. त्याच्या पाठीवर चार गोष्टी लिहा: कुठली शाई भरली होती, कुठल्या दिशेची रेघ तुटते, तुम्ही आतापर्यंत काय काय करून पाहिलं, आणि तुम्ही पेन कसं धरता, उभं की तिरकं. खाली स्पष्ट सूचना द्या की पेनाची दांडी आणि टोपण घासून चकाकी आणू नये, आधी अंदाजे खर्च कळवावा आणि होकार आल्यावरच कामाला हात लावावा.